बाबांच्या ट्रंकेतले शंभर शेअर : आपण नक्की कशाचे मालक असतो?

कारेलीबागकर (धागाकर्ती)

नमस्कार. प्रश्न थोडा लांबचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे बाबा आयपीसीएलमध्ये नोकरीला होते. वडोदऱ्यातल्या जुन्या मंडळींना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन ही १९६९ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. आमचं बालपण तिच्या टाउनशिपमध्ये गेलं. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकल्या की प्लांटच्या चिमणीवरची ज्योत दिसायची. नव्वदच्या दशकात बाबांनी बाजारातून कंपनीचे शंभर शेअर घेतले. त्या रात्री मला आणि दादाला उठवून म्हणाले, "आता त्या ज्योतीतला चिमूटभर उजेड आपला." मी तेव्हा सातवीत होते. ते वाक्य मी अगदी खरं मानलं. पुढे कित्येक वर्षं स्कूलबसमधून प्लांटची भिंत दिसली की यातल्या कुठल्या विटा आपल्या, असा विचार मनात यायचाच.

बाबा निवृत्त झाले, आम्ही कारेलीबागेत राहायला आलो. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मागच्या महिन्यात आईची पत्र्याची ट्रंक आवरताना, लग्नाच्या शालूखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते सर्टिफिकेट सापडलं. कडेला नक्षीची किनार, खाली दोन संचालकांच्या सह्या, कोपऱ्यात कंपनीचा उठावाचा शिक्का. बोट फिरवलं तर अजून लागतो. दर्शनी मूल्य दहा रुपये, संख्या शंभर, फोलिओ नंबर (कंपनीच्या वहीतला खाते क्रमांक), आणि शेअरांचे क्रमांक अमुकपासून तमुकपर्यंत. मागच्या बाजूला एक तक्ता आहे. त्यात बाबांचं नाव तिसऱ्या ओळीत आहे. वर आणखी दोन अनोळखी नावं आहेत, दोन्हीसमोर तारखा आणि शिक्के.

दादा अमेरिकेत असतो. त्याने फोटो पाहिला आणि म्हणाला, "कंपनीच राहिली नाही, रद्दी आहे ती. आठवण म्हणून फ्रेम कर." आई म्हणते, "तुझे बाबा काही उगाच जपून ठेवणारे नव्हते." आयपीसीएल २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली एवढं मला माहीत आहे.

या कागदाचे पैसे किती होतील हे मला कळायला हवंच. पण त्याआधी दुसरं काही कळायला हवंय. बाबा त्या कंपनीचे मालक होते, असं म्हणायचं का? असतील, तर कशाचे? आणि ज्या कंपनीचे मालक होते ती कंपनीच संपली, तर मालकी कुठे जाते?

---

हिशेबनीस

ताई, मी दांडिया बझारात सीएची प्रॅक्टिस करतो. तुमच्या प्रश्नाला आधी हात घालतो, पैशांचं नंतर बघू. आणि पहिली विनंती, ते फ्रेम करू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको.

सर्टिफिकेटच्या मागचा तक्ता तुम्ही नीट पाहिलात, त्यातच अर्धं उत्तर आहे. ती दोन नावं म्हणजे बाबांच्या आधीचे मालक. बाबांनी जे पैसे मोजले ते दुसऱ्या ओळीतल्या माणसाला मिळाले. कंपनीच्या तिजोरीत त्यातला एक रुपयाही गेला नाही. कंपनीला शेअरचे पैसे एकदाच मिळतात, शेअर पहिल्यांदा विकला जातो तेव्हा. त्यानंतर तो हातोहात फिरतो. तरीही ज्या दिवशी कंपनीच्या सभासद-रजिस्टरमध्ये बाबांचं नाव चढलं, त्या दिवसापासून पहिल्या माणसाला होते ते सगळे हक्क जसेच्या तसे बाबांना मिळाले. शेअरची खरी गंमत इथे आहे. माणसं बदलतात, भांडवल जागचं हलत नाही. सुरुवातीच्या भागधारकांना दरवर्षी पैसे परत मागता आले असते, तर एवढा मोठा प्लांट उभाच राहिला नसता.

आता विटांचं. तुमच्या मनाला लागेल, पण कायद्याने त्यातली एकही वीट बाबांची नव्हती. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निकाल आहे, आम्हाला शिकताना हटकून शिकवतात. बाचा गझदर नावाच्या बाईंचे चहाच्या कंपन्यांत शेअर होते. चहाच्या उत्पन्नातला ६० टक्के भाग शेतीचा धरला जाई आणि त्यावर आयकर नसे. बाईंचं म्हणणं असं की, मग मला मिळणाऱ्या लाभांशातला ६० टक्के भागही शेतीचंच उत्पन्न, त्यावर कर कसा? न्यायालयाने ते मानलं नाही. मळा कंपनीचा, बाईंचा नव्हे. भागधारकाला कंपनीच्या मालमत्तेत वाटा नसतो. कंपनीने लाभांश जाहीर केला तर तो घेण्याचा हक्क, आणि कंपनी गुंडाळली तर सगळी देणी भागल्यावर जे उरेल त्यात हिस्सा, एवढं त्याचं. कंपनी ही स्वतःच एक कायदेशीर व्यक्ती. जमीन तिची, यंत्रं तिची, कर्जही तिचंच.

हे शेवटचं फार मोलाचं आहे. कंपनी बुडाली तर बँकेचा माणूस तुमच्या दारात येत नाही. शेअरची पूर्ण किंमत भरलेली असली की तुमची जबाबदारी संपली. भागीदारीच्या धंद्यात मात्र घरातल्या भांड्यांपर्यंत वसुली येऊ शकते, आणि तशी आलेली मी पाहिली आहे.

---

मांजलपूरचा_नवखा

सर, माझा थोडा वेगळा प्रश्न. मी दोन वर्षांपासून मोबाइलच्या ॲपवरून शेअर घेतो. पाच इथे, दहा तिथे. मला कोणी सर्टिफिकेट दिलेलं नाही, कुठल्या रजिस्टरवर सही केलेली नाही. मग मीही या ताईंच्या बाबांसारखा सभासद, की माझ्याकडे फक्त स्क्रीनवरचा आकडा?

---

निवृत्त_अभियंता

कारेलीबागकर, तुझ्या बाबांना मी कदाचित ओळखतही असेन. मी पॉलिमरच्या बाजूला होतो, टाउनशिपमध्येच राहायचो. तुझी पोस्ट दोनदा वाचली.

कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय वडोदऱ्यात होतं, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे वार्षिक सभा त्याच गावी घ्यावी लागे. त्यामुळे आम्हा लोकांना सभेला जाणं सोपं होतं. नोकरीत असताना ज्या साहेबासमोर उभं राहायचं, त्याच साहेबांच्या वरच्यांना त्या दिवशी खुर्चीत बसून प्रश्न विचारता यायचा. मी एकदाच विचारला. नागोठण्याच्या प्रकल्पाच्या खर्चाबद्दल होता. आवाज कापत होता माझा. अध्यक्षांनी पूर्ण उत्तर दिलं, आकड्यांसकट. घरी आल्यावर बायकोला म्हणालो, आज मला कंपनीने कामगार म्हणून नाही, धनी म्हणून उत्तर दिलं.

म्हणून हिशेबनीसांचं कायद्याचं बरोबर असलं, तरी तुझ्या बाबांचं "उजेड आपला" हेसुद्धा मला खोटं वाटत नाही. विटेवर हक्क नव्हता. पण ती वीट रचणाऱ्यांना जाब विचारण्याचा हक्क होता.

विलीनीकरणाचं मला आठवतं ते सांगतो. २००२ मध्ये सरकारने आपल्याकडचे २६ टक्के शेअर २३१ रुपये भावाने रिलायन्सच्या गटाला विकले. नियमाप्रमाणे मग आमच्यासारख्या किरकोळ भागधारकांकडूनही शेअर घेण्याची खुली ऑफर आली. टाउनशिपमध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. विकावेत की ठेवावेत? सेव-उसळच्या गाडीवर वाद व्हायचे. मी अर्धे विकले, मुलीचं लग्न होतं. तुझ्या बाबांनी विकले नसणार, कागद ट्रंकेत आहे म्हणजे तेच. पुढे २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या तेव्हा आयपीसीएलच्या पाच शेअरांमागे रिलायन्सचा एक, असं प्रमाण ठरलं.

म्हणजे शंभराचे वीस झाले. वीसचं पुढे काय झालं ते मोज. खूप वर्षांचा हिशेब आहे, पण सोपा आहे.

---

हिशेबनीस

@मांजलपूरचा_नवखा, तुम्हीही तेवढेच मालक, फक्त नोंदीची रचना वेगळी. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर कागदाऐवजी खात्यात राहू लागले. ही खाती सांभाळणारी संस्था म्हणजे डिपॉझिटरी. आपल्याकडे अशा दोन संस्था आहेत, एनएसडीएल आणि सीडीएसएल. कंपनीच्या वहीत नोंदणीकृत मालक म्हणून डिपॉझिटरी असते, आणि डिपॉझिटरीच्या वहीत तुम्ही. कायदा तुम्हाला लाभार्थी मालक म्हणतो. लाभांश तुमचा, मतही तुमचंच. ॲपवाला ब्रोकर हा मधला दलाल, मालक नव्हे. ॲप उद्या बंद पडलं तरी तुमचे शेअर डिपॉझिटरीत शाबूत असतात. ज्या महिन्यात व्यवहार झाला असेल त्याचं डिपॉझिटरीकडून ईमेलवर एकत्रित पत्रक येतं, ते उघडून बघत जा. बहुतेकजण उघडत नाहीत.

आता मताविषयी. साध्या शेअरला आपण समभाग म्हणतो, एका शेअरला एक मत. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात. कंपनीच्या नियमावलीत बदल, तिचं नाव बदलणं, अशा मोठ्या गोष्टींना विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट हवीत. ज्याच्याकडे पंचवीस टक्क्यांहून जास्त, तो एकटा असा ठराव रोखू शकतो. तुमच्या दहा शेअरांनी काही रोखलं जाणार नाही, हे खरं. पण अडीच-तीन लाख किरकोळ भागधारक असलेल्या कंपनीत त्यातले फारच थोडे मत देतात, तेव्हा प्रवर्तकांना सगळं मोकळं रान मिळतं. माझा स्वतःचा या बाबतीत आग्रह आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी ई-मतदानाची लिंक उघडून दाखवतो.

लाभांशाबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, तोही सांगून टाकतो. नफा झाला म्हणजे लाभांश मिळालाच पाहिजे असं नाही. संचालक मंडळ शिफारस करतं. सभासद सभेत ती मंजूर करतात. सभासदांना तो कमी करता येतो, पण मंडळाने सुचवल्यापेक्षा वाढवता येत नाही. एकदा सभेत जाहीर झाला की मात्र ते कंपनीवरचं देणं, तीस दिवसांत द्यावंच लागतं. मुदत ठेवीचं व्याज ठरलेलं असतं, म्हणून तिथे झोप लागते. शेअरमध्ये तुम्हाला ठरलेलं काहीच नसतं. सगळ्यांचं ठरलेलं देऊन झाल्यावर मागे राहील ते तुमचं. चांगल्या वर्षांत त्याला मर्यादा नसते. आणि वाईट वर्षांत ते शून्य असतं.

---

सयाजीगंज९२

"मागे राहील ते तुमचं" यातल्या शून्याबद्दल मी लिहितो, कारण मी ते भोगलं आहे.

मी वडोदरा स्टॉक एक्स्चेंजच्या एका दलालाकडे कारकून होतो, सयाजीगंजात. ते एक्स्चेंजही २०१५ मध्ये कायमचं बंद झालं. दुपारी साडेतीननंतर आम्ही ट्रान्सफर फॉर्म, स्टॅम्प, सर्टिफिकेट यांचे गठ्ठे लावायचो. सही जुळली नाही की गठ्ठा परत. ताईंच्या सर्टिफिकेटमागच्या तक्त्यात असतील तसले शिक्के हजारो वेळा माझ्या डोळ्यांखालून गेलेत.

तर एवढं जवळून पाहूनही मी एका कर्ज देणाऱ्या कंपनीत निवृत्तीच्या पैशातले सव्वादोन लाख घातले. भाव पडत गेला तसा आणखी घेत गेलो. मनात हिशेब असा की, कंपनीकडे एवढी मालमत्ता आहे, माझा हिस्सा कुठे जातो? दिवाळखोरीची प्रक्रिया झाली, दुसऱ्याने कंपनी घेतली, आणि आमचे शेअर रद्द झाले. शून्य. घेणाऱ्याने बँकांना पैसे दिले, ठेवीदारांना काही दिले. आमच्यापर्यंत रांग पोचलीच नाही.

नंतर मी कायदा वाचला. आधी वाचायला हवा होता. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम ५३ मध्ये रांग लिहून ठेवली आहे. सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचे दोन वर्षांचे पगार आणि तारण असलेले सावकार एका पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचे वर्षभराचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारची देणी. मग इतर उरलेली कर्जं. मग प्रेफरन्स म्हणजे अग्रहक्काचे शेअरवाले. आणि अगदी शेवटी आपण. मला ही रांग अन्यायाची वाटत नाही. ज्याने ठरलेल्या व्याजावर पैसे दिले त्याला वाढीचा वाटा नव्हता, म्हणून त्याला आधी मिळायला हवं. पण शेवटच्या माणसाने आपण शेवटचे आहोत हे ओळखून पैसे घालावेत. मी बँकेच्या जागी उभा आहे असं समजून घातले.

नवख्या, तुला एकच सांगणं. कंपनीवर कर्ज किती आहे ते आधी बघ. भाव नंतर.

---

मांजलपूरचा_नवखा

काका, मनापासून धन्यवाद. आज पहिल्यांदा माझ्या सात कंपन्यांचे ताळेबंद उघडले. दोन कंपन्यांमध्ये व्याजाचा खर्च नफ्यापेक्षा मोठा निघाला. मी त्या फक्त भाव पडलाय म्हणून घेतल्या होत्या.

---

कारेलीबागकर

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. निवृत्त_अभियंता काका, तुमची सभेची हकीकत आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, बाबांनी कधी सभेत प्रश्न विचारला नाही, पण सभेहून आल्यावर वार्षिक अहवालात पेन्सिलने खुणा करत बसायचे.

काकांनी सांगितल्याप्रमाणे हिशेब मांडला. चुकला असेल तर दुरुस्त करा. २००७ मध्ये शंभराचे वीस. रिलायन्सने २००९ मध्ये एकास एक बोनस दिला, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट, चाळीस. २०१७ मध्ये पुन्हा एकास एक, ऐंशी. २०२३ मध्ये वित्त व्यवसाय वेगळा काढला तेव्हा रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे जिओ फायनान्शियलचा एक, म्हणजे तिकडचे ऐंशी वेगळे. आणि २०२४ मध्ये आणखी एकास एक बोनस, एकशेसाठ.

मी हे वहीच्या पानावर लिहिलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले. ट्रंकेतला कागद अठरा वर्षं शालूखाली होता. तो कोणी वाचलासुद्धा नाही. बाहेर मात्र तो वाढत होता.

टाउनशिप सोडताना आम्ही पत्ता बदलून घेतलेला नाही, ही आमचीच चूक. बँक खातंही जुनंच, ते कधीच बंद केलं. मग हे सगळं आता कुठे असेल?

---

मांडवीची_सून

ताई, या रस्त्याने मी जाऊन आले आहे, सासऱ्यांच्या शेअरांसाठी. सगळं सांगते.

सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर तो पैसा, आणि त्याबरोबर ते शेअरसुद्धा, केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. सगळे याला आयईपीएफ म्हणतात. जप्त होत नाहीत, नीट ऐका, जप्त नाही. नावावर जमा राहतात आणि कधीही मागता येतात, मुदत संपत नाही. निधीच्या संकेतस्थळावर नाव किंवा फोलिओ घालून शोधता येतं. तिथे असेपर्यंत त्या शेअरांचं मत मात्र गोठलेलं असतं. बोनस, विभागणी यांचे नवे शेअरही निधीच्या खात्यातच जमा होतात. फक्त हक्कभाग नाही, म्हणजे असलेल्या भागधारकांना पैसे भरून घ्यायला देऊ केलेले नवे शेअर. माझ्या सासऱ्यांचा एका कंपनीतला हक्कभाग तसाच गेला. तुमच्या बाबतीत २०२० मध्ये रिलायन्सने पंधरा शेअरांमागे एक हक्कभाग १२५७ रुपयांना देऊ केला होता. ऐंशीवर पाच बसले असते. ते गेले असं धरून चाला.

आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिच्या शेअरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, लिहा. रिलायन्सचं काम हैदराबादची केफिन टेक्नॉलॉजीज बघते. जुना आयपीसीएलचा फोलिओ, बाबांचं नाव, जुना पत्ता द्या आणि आता त्या फोलिओची स्थिती काय ते लेखी विचारा. नावातल्या अक्षरांवर लक्ष ठेवा. सासऱ्यांच्या सर्टिफिकेटवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, आधारवर वेगळं, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच. त्या एका अक्षरासाठी मी शपथपत्र करायला कोर्टाच्या आवारात तीन फेऱ्या मारल्या. नोटरीच्या टेबलावर पंखा नव्हता, आणि मे महिना होता.

शेअर बाबांच्या नावावरून वारसांच्या नावावर होणं ही पहिली पायरी. त्याला ट्रान्समिशन म्हणतात. ते झालं की कंपनी हक्काचं पत्र देते, मग फॉर्म आयईपीएफ-५ ऑनलाइन भरायचा. त्याची प्रिंट, पोच, नुकसानभरपाईचा बाँड, हक्काचं पत्र, मूळ सर्टिफिकेट, सगळं एका पाकिटात घालून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे. शेअर परत मिळतात ते डीमॅट, म्हणजे बिनकागदी शेअरांच्या, खात्यातच, त्यामुळे आईंचं खातं आजच उघडा. एका कंपनीसाठी वर्षाला एकच दावा करता येतो, म्हणून काही राहून जायला नको.

आणि कोणी फोन करून "आम्ही मिळवून देतो, वीस टक्के द्या" म्हणालं तर फोन ठेवा. फॉर्मला सरकारी फी नाही.

मला एकूण अकरा महिने लागले. पण मिळाले.

---

निवृत्त_अभियंता

सून बाई, हे तुम्ही इतकं नीट लिहिलंत की मी प्रिंट काढून आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या फळ्यावर लावणार आहे. आमच्यातल्या निदान चार घरी अशा ट्रंका असतील.

---

कारेलीबागकर

एक नाजूक प्रश्न. बाबांनी नॉमिनी म्हणून दादाचं नाव घातलेलं असेल तर? दादा म्हणतो, मग सगळं माझ्याकडेच येईल, मी तुम्हाला देईन. तो देईलही. पण आईला हे ऐकून वाईट वाटलं.

---

हिशेबनीस

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात हे शेअरांपुरतं स्पष्ट केलं. नॉमिनीच्या नावावर शेअर येतात ते सांभाळायला. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे ठरते. तुमच्या घरी मृत्युपत्र नसेल तर आई, दादा, तुम्ही, तिघांचा समान वाटा. बाबांच्या आई हयात असतील तर त्यांचाही. तुम्हा दोघा भावंडांना आईच्याच नावावर करायचं असेल तर हक्कसोडीचं पत्र द्या, त्याचा मसुदा मी करून देतो, फी नको.

कराचं एका ओळीत सांगतो. वारशाने आले म्हणून आता कर नाही. विकाल तेव्हा भांडवली नफ्यावर कर लागेल, आणि बोनसचे सोडून मूळ शेअरांचा धारणकाळ बाबांनी घेतल्या दिवसापासून मोजला जाईल. यातल्या त्याआधीच्या जुन्या शेअरांना ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचा फायदा खरेदी किमतीत मिळू शकेल. विकण्याआधी या, सगळे मिळून बसून काढू. तोवर तो तक्त्याचा कागद जपा. त्यातली तिसऱ्या ओळीसमोरची तारीख हाच तुमचा पुरावा.

---

कारेलीबागकर

धागा वर आणते आहे, पाच महिन्यांनी.

रजिस्ट्रारचं पत्र आलं. फोलिओ सापडला, शेअर निधीकडेच आहेत. मी मांडलेला हिशेब बरोबर निघाला. दादाने हक्कसोडीवर तिकडच्या दूतावासात जाऊन सही केली. त्याने फोनवर बाबांचं गच्चीवरचं वाक्य मला पुरं म्हणून दाखवलं. मला वाटायचं त्याला ते आठवत नसेल, त्या रात्री तो पेंगत होता. ट्रान्समिशन झालं, फॉर्म भरला, आणि काल रावपुऱ्याच्या पोस्टातून जाड पाकीट रजिस्टर केलं. मूळ सर्टिफिकेट हातावेगळं करायला आईला जड गेलं. पाकीट चिकटवण्याआधी तिने कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून एकदा अंगठा फिरवला.

आणखी एक झालं. डीमॅट खातं उघडताना कळलं की आईच्या स्वतःच्या नावावर एका बँकेचे पन्नास शेअर आहेत. बाबांनीच घेऊन दिलेले. त्या बँकेच्या वार्षिक सभेची सूचना तिच्या नव्या ईमेलवर आली. मी नुसतं दाखवायला म्हणून उघडलं, तर तिने अहवाल छापून आण म्हणून सांगितलं. दोन दिवस चष्मा लावून वाचत होती, बाबांची पेन्सिल घेऊन. एका संचालकाची फेरनेमणूक होती. तिने विचारलं, "हे गृहस्थ मीटिंगला येतात का?" मला वाटलं, हे कुठून कळणार? पण अहवालात संचालकांच्या उपस्थितीचा तक्ता असतोच. तिचं बोट ओळीवरून सरकत थांबलं. नऊ बैठका, हजेरी तीन.

ई-मतदानाचा ओटीपी माझ्या फोनवर आला, मी वाचून दाखवला. बाकीच्या सगळ्या ठरावांवर तिने बाजूने मत दिलं. त्या एकावर विरोधात. मग विचारलं, "याची पोच मिळते ना?" मिळाली. तिने ती अहवालात घडी करून ठेवली आहे.